तपासून होईपर्यंत कन्नड

अण्णा, आज दवाखाना उघडला. तुम्ही गेलात त्याला आज सोळावा दिवस. परवा तुमच्या घरी काकूंकडे किल्ली मागायला गेले तेव्हा त्यांना वाटलं, मी माझी पुस्तकं न्यायला आलेय. म्हणाल्या, "ने गं तुझं काय असेल ते. बाकीचं मी बघते." मी म्हटलं, "काकू, न्यायला नाही आले, बसायला आलेय." त्यांनी मग आत जाऊन किल्ली आणली आणि वर डब्यात उप्पीटही भरून दिलं.

सकाळपासून गर्दी होती. लोकांना ताप, खोकला, कंबर असलं कमी सांगायचं होतं आणि तुमच्याबद्दल जास्त बोलायचं होतं. नागम्मा सिस्टर प्रत्येकाला तेच तेच सांगून थकली. आता खालच्या लेथवाल्यांची जेवणाची सुट्टी झालीय, मशीन बंद आहेत, म्हणून कागद पुढे घेतला. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, शांताक्काचं. त्याचं काय झालं ते सांगितल्याशिवाय मला या खोलीत धड बसता येणार नाही. हे इतरही वाचतील, म्हणून अक्काला विचारूनच लिहितेय आणि तिचं, तिच्या घरच्यांचं नाव बदललंय. तुम्ही पहिला प्रश्न तोच विचारला असता.

नऊ वर्षांपूर्वी मी पीण्याच्या या कारखान्यांच्या वसाहतीत तुमच्याकडे आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुमचा राग आला होता. निपाणीकडचे एक आजोबा आले होते. कुणीतरी सांगितलं होतं, तिथला डॉक्टर मराठी आहे, जावा. बिचारे आनंदाने "नमस्कार डॉक्टरसाहेब, आम्ही निपाणीचं" म्हणत आत आले आणि तुम्ही मान वर न करता विचारलंत, "एनु तोंदरे?" काय त्रास आहे! त्यांनी परत मराठीत सांगितलं. तुम्ही परत कन्नडमध्ये विचारलंत. छाती, पोट, पाय, जीभ सगळं बघून झालं, हात धुतलेत, आणि मग खुर्ची त्यांच्याकडे वळवून म्हणालात, "हां, आता बोला. निपाणीत कुठं?" तोवर आजोबांचं तोंड पडलं होतं. बाहेर जाऊन नागम्माला म्हणाले, "शहरात राहून मराठी इसरला वाटतं तुमचा डॉक्टर."

मी त्याच दिवशी तुमच्याशी भांडले. आठवतंय? या शहरात आपली भाषा घरात आणि फार तर गणपतीच्या मंडळात. ऑटोत कन्नड, दुकानात कन्नड, कामावर हिंदी. दुखणं घेऊन आलेल्या माणसाला तरी आपल्या भाषेत बोलू द्या की. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "स्वल्प थांब विद्या. आपल्या भाषेत माणूस दुखणं सांगत नाही, घर सांगतो. आणि आपण पण डॉक्टर राहत नाही, पाहुणे होतो. तपासून होईपर्यंत कन्नड. मग पाहिजे तेवढं मराठी." मला ते विचित्र वाटलं. तुम्ही इथेच, मल्लेश्वरमला जन्मलेले, तुमचं मराठीच मुळात निम्मं कन्नड, तुमचं काय जातंय, असंही मी बोलून गेले. तुम्ही हसलात. "सरी, ठीक आहे. तू तुझं कर, मी माझं करतो."

मी माझं केलं. आणि मी अगदीच चुकत होते असं आजही म्हणणार नाही. कोल्हापूरकडच्या एका बाईने तुम्हाला तीन वेळा फक्त डोकेदुखी सांगितली होती. माझ्याशी मराठीत बोलता बोलता तिने हळूच सांगितलं की पाळी बंद होऊन चार वर्षं झाली आणि आता परत अंगावर जातंय. तिला वेळेवर पाठवता आलं, ऑपरेशन झालं, बाई ठणठणीत आहे. तेव्हा मी महिनाभर तुम्हाला टोमणे मारले होते. तुम्ही प्रत्येक टोमण्याला "सरी" म्हणालात आणि तुमचं कन्नड काही सोडलं नाही.

तुमच्याकडून मी शिकले ते बहुतेक तुमच्या कटकटीतून. इलेक्ट्रोप्लेटिंगवाला एक पोरगा सर्दी सर्दी म्हणून यायचा, मी गोळ्या देत होते. तुम्ही टॉर्च मागवून त्याच्या नाकात बघितलंत आणि मला बोलावलंत. नाकाच्या मधल्या पडद्याला आरपार भोक पडलं होतं. "याला विचारलंस का, दिवसभर कशात काय बुडवतो?" मी विचारलं नव्हतं; क्रोमच्या टाकीची वाफ होती ती. वर्षभर उदासपणाच्या गोळ्या खाणाऱ्या एका शिक्षिकेच्या घोट्यामागे तुम्ही हातोडी मारलीत, तिचा पाय किती सावकाश जागेवर येतो ते दाखवलंत, आणि म्हणालात, थायरॉइड तपास. नव्या माणसाला मशीनचा प्रत्येक नट दाखवावा तसं तुम्ही मला माणूस दाखवलात. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धतच नव्हती, आणि आता मानतेय तर तुम्ही समोर नाही.

तर शांताक्का. गेल्या वर्षी ती पहिल्यांदा आली तेव्हा तुम्ही लग्नाला बेळगावला गेला होतात. पन्नाशीची बाई, स्प्रिंगच्या कारखान्यात पिशव्या भरायचं काम. "डॉक्टरबाई, तू आमच्याकडची व्हय? हाताला मुंग्या आल्यागत हुतंय बघ." तिने तिच्या गावाचं नाव सांगितलं आणि माझं कामच संपलं. माझ्या आईच्या माहेरापासून ते गाव हाकेच्या अंतरावर. तरुणपणी तिने निपाणीत विड्या वळल्या होत्या. माझ्या आईनेही वळल्या. आईच्या हातालाही मुंग्या यायच्या, ती रात्री हात झटकत बसायची. मी अक्काला चहा मागवला. आम्ही तंबाखूच्या वासाबद्दल बोललो, पानं कापायच्या कात्रीबद्दल बोललो, आणि मी मनगटाचा पट्टा आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या. तिला उठताना इतकं बरं वाटत होतं की तिने माझ्या गालावरून हात फिरवला.

ती आठ महिन्यांत चार वेळा आली. चारही वेळा तुम्ही नेमके दुसऱ्या खोलीत किंवा बाहेर. चारही वेळा चहा झाला. केसपेपर परवा परत वाचला. त्यावर माझ्या अक्षरात निपाणी आहे, विड्या आहेत, मुलाचं लग्न आहे, नातीचं बारसं आहे. मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांत येतात, हे नाही. एखादी ओडिशाची किंवा बिहारची बाई असती तर मी तो प्रश्न पहिल्या मिनिटात विचारला असता, कारण तिच्याशी बोलायला माझ्याकडे दुसरं काही नसतं. अक्काने सांगितलं असतं, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. मनगटाच्या दुखण्यात ती बोटं येत नाहीत, हे शिकाऊ डॉक्टरालाही माहीत असतं. मग मी कोपर चाचपलं असतं.

कोपर तुम्ही चाचपलंत. मी सुट्टीवर होते, ती पाचव्यांदा आली, हातातून डबा निसटतो म्हणून. तुम्ही तिला कन्नडमध्ये विचारलंत, ती हिरमुसली, तुम्ही ब्लाउजची बाही वर करायला लावलीत. कोपराच्या वर रुपयाएवढा फिकट डाग. त्यावर कापूस फिरवला तर तिला कळेना. कोपरामागची नस दोरीसारखी जाड. सोमवारी मी आले तेव्हा तुम्ही दार लावून घेतलंत आणि तो शब्द एकदाच उच्चारलात. कुष्ठरोग.

मी पहिल्यांदा काय म्हणाले ते आठवलं की अजून लाज वाटते. म्हणाले, "अण्णा, ती तसल्या घरातली नाही." तुम्ही टेबलावरचा पेन उचलून परत ठेवलात. माझं मला ऐकू आलं. आपल्या गावचं माणूस, आपल्या आईसारखं, म्हणून तो आजार माझ्या डोक्यात शिरलाच नव्हता. मग एवढंच म्हणालात, "तू तुझ्या आईला तपासलंस गं. या बाईला तपासलंच नाहीस."

औषध तुम्ही त्याच दिवशी सुरू केलंत. सरकारी आरोग्य केंद्रात नाव घालून दिलंत, नसेची सूज उतरायला वेगळ्या गोळ्या दिल्यात, हाताच्या व्यायामाला पाठवलंत. आजार बरा होतोय. पण दोन बोटांतला जोर गेलाय. करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलंय, स्प्रिंग धरता येत नाही, कारखान्यात तिला आता झाडू दिलाय. नसेला वेळेवर औषध मिळालं असतं तर बोटं बहुतेक वाचली असती. ते आठ महिने माझे होते.

तुमचा नियम मला माहीत होता. चूक ज्याची, सांगायचं त्याने. पेशंटला बोलावून नाही, आपण त्याच्याकडे जाऊन. शब्दही ठरलेले, "मी चुकलो." पुढे 'पण' नाही. तुम्ही स्वतः एकदा एका फिटरच्या घरी जाऊन त्याच्या बायकोसमोर असं बोलून आला होतात, आणि त्याने तुम्हाला दारातून हाकललं होतं. परत आल्यावर तुम्ही नेहमीसारखी ओपीडी केलीत. तेव्हा मला तुमचा अभिमान वाटला होता. दुसऱ्याने करायची गोष्ट होती ना.

शांताक्काला जा सांग म्हणालात तेव्हा मी तुमच्याशी दोन महिने वाद घातला. माझे मुद्दे वाईट नव्हते. तिचा आपल्यावरचा विश्वास उडाला तर ती औषध सोडेल, मग काय? आता सांगून बोट सरळ होणार आहे का? ती तर मला रोज आशीर्वाद देतेय. तुम्ही म्हणायचात, "औषध सोडणार नाही, मी बघतो. तू जा." दर शनिवारी दुपारी हात धुताना विचारायचात, "गेलीस?" मी म्हणायचे, जाईन. एचएसआर लेआउटमधल्या एका पॉलिक्लिनिकने मला बोलावलं होतं, एसी खोली, अपॉइंटमेंट अ‍ॅपवर, पेशंट लॅपटॉपवाले. मी तुमच्यासमोर त्याचा विचार करतेय असं मुद्दाम म्हणायचे. खरं तर मला तिथे जायचं नव्हतं. इथून सुटायचं होतं.

शेवटच्या शनिवारी मी तुमच्यावर ओरडले. "तुम्ही काय सगळ्यांना सांगत बसलात काय अण्णा? तुमची एकही चूक सांगायची राहिली नाही?" तुम्ही टॉवेलला हात पुसत थांबलात. म्हणालात, "एक राहिलीय. सोमवारी सांगतो तुला." आणि जिन्याने खाली गेलात. रविवारी सकाळी काकूंचा फोन आला.

ती राहिलेली एक चूक कुठल्या पेशंटची होती, हे आता मला कधीच कळणार नाही. मी तुमची सगळी जुनी कागदपत्रं चाळणार होते, मग थांबले. तुम्ही मला सांगणार होतात, मी शोधून काढणं वेगळं. आणि दुसरी गोष्ट मी कुठल्या कागदात शोधू? शेवटचे तीन-चार आठवडे तुम्ही जिन्यावर मधल्या पायरीला थांबत होतात, मोबाईल बघितल्यासारखं करत. मी रोज तुमच्या मागे उभी असायचे. तुमचं बीपी मी शेवटचं कधी घेतलं ते मला आठवत नाही. रोज सोबत उप्पीट खाणाऱ्या माणसाला छातीत काही होतं का म्हणून विचारावं, असं मला एकदाही सुचलं नाही. हे मी काकूंना अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे, याच आठवड्यात.

तेराव्याला शांताक्का आली होती. वाकडी बोटं पदरात गुंडाळून कोपऱ्यात बसली होती. मी तिला जेवायला वाढायला गेले तर म्हणाली, "मला पत्रावळ दे बाई, घरची ताटली नको." मी विचारलं, का? तेव्हा तिने हळूहळू सांगितलं. घरात तिचं ताट वेगळं ठेवलंय. नातीला मांडीवर घेऊ देत नाहीत. सून म्हणते, तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही लपवून ठेवलंत, लेकराला घेऊन झोपत होता. मुलगा बोलत नाही. "आनि त्यांचं बी काय चुकतंय? मीच दुखणं अंगावर काढलं. येळेवर आले असते तर अण्णांनी माझं बोट वाचवलं असतं. त्या देवमाणसाला बी माझा तरास झाला जाताना."

अण्णा, मी तिला ताटात वाढलं. दुसरं काही करायचं धैर्य तेव्हा झालं नाही, भोवती माणसं होती. पण त्या पंगतीत उभी असताना मला स्वतःची इतकी चीड आली की हातातला वरणाचा डाव खाली ठेवावा लागला. चार वेळा दवाखान्यात आलेली बाई. गोळ्या वेळेवर घेणारी, पट्टा झोपतानाही न सोडणारी. आणि तिच्याच घरात ती चोर ठरली होती, मी गप्प बसले म्हणून. मी दोन महिने विश्वासाच्या गोष्टी करत होते. ज्या विश्वासाला मी जपत होते तो तिचा माझ्यावरचा होता. तिच्या घरच्यांचा तिच्यावरचा गेला, त्याची मला खबरच नव्हती. एचएसआरवाल्यांना मी त्याच संध्याकाळी नाही कळवलं.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत तिच्या कारखान्यात गेले. ती मागच्या पायरीवर डबा उघडून बसली होती. शेजारी बसले. रस्त्यात पन्नास वेळा घोकलेलं सगळं विसरले आणि सरळ बोलले.

"अक्का, तुमच्याकडून उशीर झाला नाही. माझ्याकडून झाला. मी चुकले."

"काय बोलालीस?"

"तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हाच हा आजार सापडायला हवा होता. मी तुमची बाही वर करून बघितलीच नाही. कुठली बोटं, ते विचारलं नाही. चार वेळा आलात, चारही वेळा मी बघितलं नाही."

तिने घास खाली ठेवला. "तवा सापडलं असतं तर हे बोट?"

"बहुतेक वाचलं असतं."

"अण्णांना ठावं हुतं?"

"होय. त्यांनीच मला तुमच्याकडे जा म्हणून सांगितलं होतं. दोन महिने मी आले नाही."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा पूर्वीसारखा गालावर हात ठेवून म्हणेल, असू दे पोरी. तसलं काही झालं नाही. तिने डब्याचं झाकण लावलं. उजव्या हाताने लागत नव्हतं, डाव्याने दाबून लावलं. मग माझ्याकडे बघितलं ते असं की मी त्या नजरेला नऊ वर्षांत कधी सामोरी गेले नव्हते.

"दोन महिनं माझी नात माझ्यापातूर येईना झाली. मी म्हनत हुते, माझंच पाप. आनि तू रोज मला गोड बोलून गोळ्या देत हुतीस."

मी मान हलवली. नातीचं मला कालच कळलं, असं जिभेवर आलं होतं. ते 'पण'च होतं, म्हणून गिळलं.

"मला एकटीला सांगून काय उपेग?" ती उठली, झाडू हातात घेतला. "उद्या घरी ये. माझ्या पोरासमोर सांग, सुनेसमोर सांग. आत्ता बोललीस तसंच बोल. एक शबूद कमी नको."

रविवारी सकाळी गेले. नागम्मा येते म्हणत होती, तिला नको म्हटलं. जाताना चारही केसपेपरच्या प्रती काढून घेतल्या, आणि खाली एका कागदावर काय चुकलं ते लिहून सही केली. खोली एकच, आत स्वयंपाक, बाहेर पलंग. मुलगा महादेव सीएनसी मशीनवर आहे, इथेच वाढलाय. सून रेखा भांडी लावत होती. अक्काने मला चहा विचारला नाही. पलंगावर ताठ बसून म्हणाली, "बोल."

मी बोलले. एक शब्द कमी केला नाही. तुमची आई लपवत नव्हती, चार वेळा आली होती, तारखा या कागदावर आहेत. तिला माहीत नव्हतं, कारण मलाच कळलं नव्हतं. औषध सुरू झाल्यावर या आजाराचा घरच्यांना धोका राहत नाही, ताट वेगळं ठेवायची गरज नाही, नातीला दूर ठेवायची गरज नाही. हे मी पहिल्याच दिवशी घरी येऊन सांगायला हवं होतं, तेही सांगितलं नाही.

महादेव आधी कन्नडमध्येच भडकला, मग मराठीत आला. "तुम्ही डॉक्टर काय कोण? आईला काय काय बोललो आम्ही, ठाऊक आहे का तुम्हाला? मी कंप्लेंट करू शकतो तुमच्यावर."

"करा. कुठे करायची तो पत्ता त्या कागदाच्या मागे लिहिलाय. माझी सही खाली आहे."

त्याने कागद उलटून बघितला. सरळ केला. परत वाचला. तुम्हाला फिटरने हाकललं तेव्हा तुम्ही कुठे बघत होतात, हे विचारायचं राहून गेलं.

फळीवर एका बाजूला स्टीलचं एक ताट आणि पेला वेगळा उपडा घातला होता, तिथे रेखाची नजर गेली आणि तिने मान खाली घातली. अक्का तिच्याकडे बघत होती. मदतीला एक शब्द काढला नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं. तिला माझ्याकडून क्षमा मागून घ्यायची घाई नव्हती, त्यांच्याकडूनही नव्हती.

"आणखी एक सांगायचंय," मी म्हटलं. "घरातल्या सगळ्यांना एकदा तपासायला लागतं. आरोग्य केंद्राची माणसं दोनदा येऊन गेली, तुम्ही दार उघडलं नाही, असं कळलं. माझ्याकडून नको असेल तर त्यांच्याकडून करून घ्या. पण करून घ्या."

शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मी पर्स उचलली. एवढंच माझ्या हातात होतं, यापुढे यांच्याकडे रोज यायचं, त्यांनी दार लावलं तरी यायचं, असं ठरवून उठले.

अण्णा, आपला वाद मी पूर्ण हरलेली नाही. मी मराठी माणसाशी मराठीतच बोलणार. पण आज सकाळी हुक्केरीची एक म्हातारी आली, गावाचं नाव सांगितलं, आणि मी तिचं गाव बाजूला ठेवून तिला बावीस प्रश्न विचारले. ती कंटाळली. तुम्ही असता तर "सरी" म्हणून निघून गेला असतात, आणि मला कळलं असतं की तुम्ही खूश आहात. ते आता कळणार नाही. ते मला माझं मी ओळखायला लागेल, आणि मी ते करणार आहे, याच दवाखान्यात, तुमच्या खुर्चीशेजारच्या माझ्या खुर्चीत.

काल मी दारापर्यंत पोचले होते. महादेव मागून म्हणाला, "थांबा." तो पलंगाजवळचं स्टूल ओढून खोलीच्या मध्ये घेऊन आला. माझ्याकडे बघितलं नाही, आईकडेही नाही. शर्टाची बटणं काढली, शर्ट पलंगावर टाकला आणि पाठ माझ्याकडे करून बसला.

"बघा," म्हणाला. "या वेळी नीट बघा."

आत उजेड कमी होता. रेखाने उठून खिडकी उघडली, आणि मी त्याच्या खांद्यापासून सुरुवात केली.